आस्वाद आणि विवेक

मद्याचा आस्वाद घेणे आणि मद्य पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत काय? की पहिले हे दुसऱ्यालाच दिलेले सभ्य नाव आहे? दारूपायी मोडलेले संसार ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न निव्वळ शब्दच्छल वाटणार नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात याचा विचार केला आहे. असंयमी मनुष्याला चवीचे फारसे सोयरसुतक नसते, असे तो म्हणतो. त्याला हवे असते ते घशातून उतरण्याचे सुख. आपला गळा क्रौंच पक्ष्याहून लांब व्हावा, अशी प्रार्थना करणाऱ्या खादाडाचा दाखलाही त्याने दिला आहे. मद्याची पारख करणारा मात्र चवीचवींतील भेद ओळखतो. त्याचा व्यापार भोगण्याचा नसून जाणण्याचा आहे. आस्वादाचे नैतिक समर्थन होऊ शकते ते एवढ्याच आधारावर. मग हे जाणणे कोठवर न्यावयाचे?

स्कॉटलंडच्या उत्तरेस सदरलंड परगण्यात ब्रोरा नावाचे गाव आहे. १९६९ ते १९७३ या काळात तेथील जुन्या भट्टीत अतिशय धुरकट अशी सिंगल माल्ट व्हिस्की तयार होत असे. मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर सुकवीत. पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजून साचलेल्या शेवाळाचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो; हातभर खणले की चार-पाच शतके मागे जावे. त्याचा धूर दाण्याला बिलगतो आणि ऊर्ध्वपातनानंतर, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यानंतरही टिकून राहतो. जाणकार ग्लासात पाण्याचे चार थेंब टाकून आधी वास घेतो. त्याला धूर जाणवतो, मग मेण, मग गुरांच्या गोठ्याची आठवण करून देणारा गंध. येथे तो बहुधा थांबतो.

परंतु ही भट्टी १८१९ साली उभारली ती मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड या जमीनदाराने. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या जहागिरीत मेंढ्यांना कुरणे हवी म्हणून खोऱ्याखोऱ्यांतील कुळे उठवून समुद्रकाठी बसविण्यात आली. स्ट्राथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ आणि १८१९ मध्ये घरे रिकामी केली गेली. लोक परतू नयेत म्हणून छपरांची लाकडे जाळली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हर्नेस येथे खटला चालला व तो निर्दोष सुटला. किनाऱ्यावर बसविलेल्या कुळांच्या बार्लीला गिऱ्हाईक मिळावे, हा भट्टीमागील एक हेतू होता. त्या लोकांच्या चुलीत जळत असे तेही पीटच.

यावर कोणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचे ओझे आजच्या घोटावर कशाला? आक्षेप रास्त आहे. १९७२ साली भट्टीवर राबणाऱ्या कामगाराने कोणाचे घर जाळले नव्हते, आणि धूर काही साक्ष देत नाही. पिणाऱ्याने स्वतःला दोषी मानावे, असे न्याय सांगत नाही. पण न्याय आणि सत्य यांचे मागणे एकच नसते. ज्याने जाणण्याच्या नावावर पेला हाती घेतला, त्याला जाणणे जिभेपाशी संपविण्याची मुभा कोणी दिली? वीस गंधांची नावे सांगणारा, पण ती भूमी कोणाची होती हे विचारावेसेही न वाटणारा मनुष्य पारखी नव्हे. तो अधिक शिकलेला भोगी होय.

ती भट्टी १९८३ मध्ये बंद पडली आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात तिच्या जुन्या बाटल्यांची किंमत लाखांच्या घरात गेली. किंमत वाढते तेव्हा वस्तूचे कौतुक वाढते, ज्ञान वाढतेच असे नाही.

संयम म्हणजे केवळ पेले मोजणे नव्हे. जे हाती आले आहे ते कोठून, कोणाच्या श्रमातून व कोणाच्या दुःखावरून आले याचे भान ठेवून, कृतज्ञतेने व थोडक्यात घेणे, हा संयमाचा पूर्ण अर्थ आहे. असे भान राखणाऱ्याला दुसऱ्या पेल्याची निकड सहसा भासत नाही. पहिल्यातच विचार करण्याजोगे पुष्कळ असते.