संगत आणि शील

‘असंगाशी संग, प्राणाशी गाठ’ असे आपले वाडवडील सांगत आले. घरातल्या मुलाला सावध करण्यापुरते ते ठीक. परंतु राज्यसत्तेने त्याचाच कायदा केला तर?

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात ५०१ वे कलम आहे. शीलाच्या कसोटीस न उतरणाऱ्या परकीयाचा व्हिसा त्यान्वये रद्द करता येतो आणि गुन्ह्याचा संशय असलेल्यांशी ‘संबंध’ हेही दुःशीलाचे एक गमक मानले आहे. २००७ साली हे कलम मोहम्मद हनीफ या बंगळूरच्या डॉक्टरांवर आले. ते गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात नोकरीस होते. लंडन व ग्लासगो येथील हल्ल्यांच्या प्रकरणात पकडले गेलेले दोघे त्यांचे दूरच्या नात्यातले भाऊ; इंग्लंड सोडताना आपले सिम कार्ड डॉक्टरांनी त्यांतल्या एकाकडे ठेवले होते. १६ जुलैला दंडाधिकाऱ्यांनी त्यांना जामीन दिला आणि त्याच दिवशी मंत्रिमहोदयांनी त्यांचा व्हिसा रद्द केला!

प्रकरण न्यायमूर्ती स्पेंडर यांच्यापुढे गेले. वकिली करताना आपलाही गुन्हेगारांशी संबंध आला, तेव्हा या अर्थाने आपणही नापासच, असे ते सुनावणीत म्हणाले. २१ ऑगस्टला त्यांनी मंत्र्यांचा निर्णय रद्दबातल ठरविला. नुसते निष्पाप नाते म्हणजे कायद्यातला ‘संबंध’ नव्हे, असा त्याचा आशय. डॉक्टर तोवर मायदेशी परतले होते. त्यांच्यावरील आरोपही मागे घेतला गेला होता.

डॉक्टर सज्जन आहेत, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. ते त्याचे कामच नव्हे. मंत्र्यांनी कायद्याचा अर्थ बरोबर लावला काय, एवढेच ते पाहते. निवडून आलेल्याच्या आसनावर न्यायाधीशाने का बसावे, या विचाराने ही मर्यादा मला पटतही असे.

दुसऱ्या एका खटल्याने ती खात्री डळमळली. स्वीडनमध्ये जन्मून सत्तावीस दिवसांचा असताना ऑस्ट्रेलियात आलेला एक मनुष्य. गुन्हे त्याने केलेच होते, तेही घोर. शिक्षाही भोगली होती. नागरिकत्व तेवढे कधी घेतले नव्हते. तिशी उलटल्यावर त्याचा व्हिसा रद्द झाला. फेडरल न्यायालयाने दिलासा दिला, परंतु २००६ मध्ये हायकोर्टाने (तेथे तेच सर्वोच्च) तो काढून घेतला. कायद्यात चूक नव्हती. आई आणि बहीण मागे राहिल्या आणि स्वीडिश न येणारा हा इसम स्वीडनला धाडला गेला.

ऑस्ट्रेलिया हाच त्याचा स्वदेश, असे मत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०११ मध्ये दिले. त्याचे शील, जसे होते तसे, त्याच देशात घडले होते. ते स्वीडनच्या माथी कोणत्या न्यायाने मारावे, हे विचारण्याची सोय त्या न्यायालयात नव्हती.