गोष्ट सांग ना!



"आई, गोष्ट सांग ना!" हा हट्ट आपण सर्वांनीच लहानपणी केलेला आहे. चिऊ-काऊ, ससा-कासव, 'लांडगा आला रे आला'... या गोष्टी आपण कोणत्या इयत्तेत शिकलो, हे सांगता येणार नाही. कारण त्या फळ्यावर नव्हे, आईच्या कुशीत शिकलो. म्हणूनच त्या अजून विसरलेलो नाही.

आपल्या नाशिकच्याच तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजी 'श्यामची आई' लिहायला बसले. पाच दिवसांत त्यातील बहुतेक भाग लिहून झाला. तुरुंगात गुरुजींजवळ काय होते? आईच्या आठवणी! त्यातील एक आठवण अशी आहे. एका दलित म्हातारीची लाकडांची मोळी वाटेत पडते. शिवाशिवीच्या भीतीने कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

आंघोळीची ती अट आज आपल्याला खटकते, आणि ती खटकायलाच हवी. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत अशा मोळ्या वाहिलेल्या आज्या होऊन गेल्या. पण त्या माउलीने पेरलेले बी तिथेच थांबले नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून त्याच श्यामने प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते दार उघडले. लहानपणी मिळालेली शिकवण माणसाबरोबर अशी वाढत जाते.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मारविले. राजाला तोंडावर कोण बोलणार? नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२). ती हिरावून घेणाऱ्या श्रीमंतावर राजा संतापला, आणि तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. उपदेश आला की आपण दार लावून घेतो. गोष्ट मात्र आत येऊन बसते.

प्रभू येशूनेही लोकांना दाखले देऊनच शिकविले. "माझा शेजारी कोण?" असे विचारणाऱ्या शास्त्र्याला त्याने चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली (लूक १०) आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेतले. 'शोमरोनी' हा शब्द काही त्या शास्त्र्याच्या ओठांवर आला नाही. दया करणारा तो, एवढेच तो म्हणाला. आपल्याही ओठांवर कोणाचे नाव अडते, हे आपण तपासून पाहू या.

प्रिय बंधुभगिनींनो, आज गोष्ट सांगण्याचे काम आपण मोबाईलकडे सोपविले आहे. मूल रडले की फोन हातात देतो. आणि कधी गोष्ट सांगितलीच, तर काय होते? रात्री आपण मुलाला खोटे बोलणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगतो आणि सकाळी दाराची बेल वाजली की त्यालाच सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हण!" मूल दोन्ही ऐकते. पण लक्षात कोणती गोष्ट ठेवते? जी आपल्याला जगताना पाहते, ती.

म्हणून आज रात्री जपमाळेनंतर टीव्ही पंधरा मिनिटे बंद ठेवू या. बायबलमधला एक दाखला मुलांना आपल्या शब्दांत सांगू या. मग आपल्या आजीची गोष्ट सांगू या: तिने काय सोसले, कोणी तिला हात दिला, तिने कोणाला दिला. ती गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. आपण सांगितली नाही, तर ती आपल्याबरोबरच संपेल.

नाझरेथच्या घरात बाळ येशूला वाढविणारी पवित्र मरिया माता आपल्या घरांसाठी विनंती करो. आमेन.