पसंतीक्रम

येरमाळ्यात लोक माझ्याकडे सल्ला मागायला येतात, याचे मला नेहमी हसू येते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले. पण शाळेत शिकवतो, वर दोनचार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तेव्हा गावाच्या हिशेबी मला सगळे ठाऊक असणारच! यंदा एका रात्री सोलापूर–धुळे रस्त्यावर चहाचे हॉटेल चालवणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन दारात उभे राहिले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तिने इतके गुण मिळवले होते की, मुंबई, आंबेजोगाई, धाराशिव, तिन्हीकडच्या सरकारी कॉलेजांची दारे तिला उघडी होती. अर्जात फक्त पसंतीचा क्रम भरायचा होता, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

“गुरुजी, पोरीला कुठं घालावं तेवढं सांगा,” ते म्हणाले. एका खासगी कॉलेजचा कागदही त्यांच्या खिशात होता; त्यासाठी निम्मे रान विकायची त्यांची तयारी होती. तो कागद मी बाजूला ठेवला. सरकारी जागा मिळत असताना रान विकणे हा काही प्रश्नच नव्हे.

चांगले आणि वाईट यांतून चांगले निवडावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. निदान आम्ही मास्तर तसे शिकवतो. पण तिन्ही चांगलेच असेल तर काय करावे, याचा धडा मी कुठल्या क्रमिक पुस्तकात पाहिला नाही. कादंबरीत मी अशा वेळी एखादी वाट बंद करून टाकतो, म्हणजे प्रकरण पुढे सरकते. इथे ती सोय नव्हती.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “धाराशिव.” कारणेही लागलीच सुचली. कॉलेज नवे, २०२२ साली सुरू झालेले. तिथे रोगी येणार ते आपल्याच भागातले. ‘पोटात डोंब उठलाय’ म्हणजे काय, हे कळंबच्या बाईला तिथे दोनदा सांगावे लागणार नाही. मुंबईचे ग्रँट कॉलेज १८४५ सालचे, मोठ्या नावाचे; पण नाव काही रोग्याची नाडी पाहत नाही!

मुलगी ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “गुरुजी, जवळ शिकले म्हणजे मी जवळच राहीन, असं कशावरून?”

मी गप्प बसलो. कारणे सगळी खरी होती, पण खऱ्या कारणांच्या आड उभे राहून मी दुसरेच काही बोलत होतो. माझी आई सोलापूरच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर गेली. तेव्हापासून मला या गावाला एक डॉक्टर हवा आहे. ती मागणी मी या पोरीच्या अर्जात, तिच्या हाताने, पहिल्या क्रमांकावर लिहवून घेत होतो.

गावाचे ऋण म्हणून काही असते हे मी मानतो. पण ते वसूल करायचा हक्क कुणाचा? निकाल लागल्यावर सारे गाव ‘आपली पोर’ म्हणाले. चैत्री पौर्णिमेला, येडेश्वरीच्या यात्रेच्या दिवसांत, परीक्षा तोंडावर आलेली असताना तिच्या खिडकीवरचा कर्णा मात्र कुणी पलीकडे वळवला नव्हता. मीही नाही.

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. मद्रासला कॉलेज होते. पण इथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे असे सांगून त्या १८८३ साली अमेरिकेला निघाल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवी घेतली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण कामाला हात लागण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष होते. त्यांनी मद्रास निवडले असते तर? हा प्रश्न विचारण्यात मला थोडे क्रौर्य वाटते. निवडताना त्यांच्यापुढे फेब्रुवारी नव्हता. रखमाबाई तर लंडनला शिकल्या, जन्म मुंबईचा, आणि आयुष्याची कितीतरी वर्षे दिली सुरतेला आणि राजकोटला. शिकायचे गाव आणि राबायचे गाव यांची गाठ अशी एकाच दोरीने बांधलेली नसते.

हे सगळे मी तिला सांगितले. आईचेही सांगितले. एरवी ते मी कुणाला सांगत नाही. चहाचे हॉटेलवाले चष्मा पुसत बसले. मग मी विचारले, “तुला स्वतःला कुठं जावंसं वाटतं?”

“मुंबईला,” ती म्हणाली. “तिथं कुठून कुठून माणसं येतात. जे कुणाला कळत नाही ते तिथं येतं. मला ते बघायचंय.” थोडे थांबून म्हणाली, “भीती पण तिचीच वाटते.”

मोबाईलवर तिने क्रम भरला. मुंबई पहिली, आंबेजोगाई दुसरी, धाराशिव तिसरे. शेवटचे बटण दाबण्यापूर्वी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मी चष्मा काढून ठेवला होता. तो पुन्हा घातला नाही. “बरोबर आहे,” म्हणालो.

जाताना तिच्या वडिलांनी दारात विचारले, “गुरुजी, मुंबईला खानावळीचं महिन्याला किती पडत असंल?” मी म्हणालो, “उद्या चौकशी करू.”