गणपतीचा हात मी हलवणार नाही

शेजाऱ्याच्या अंगणातला सांगाडा उठून बसतो, त्यात माझा वाटा हवेचा. ३२ मिलिमीटर बोअरचा सिलेंडर, चार बारचा दाब, म्हणजे ३२-३३ किलोंचा रेटा. भोसरीच्या कारखान्यांत याच सिलेंडरांवर माझी सगळी नोकरी झाली. हॅलोविनच्या सांगाड्याचं तंत्र सोपं आहे: उठताना हवा बाहेर पडायची वाट पूर्ण मोकळी, झोपताना फ्लो कंट्रोलचा स्क्रू आवळलेला. झटक्यात उठला तरच पोरं किंचाळतात. इथे सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमध्ये ३१ ऑक्टोबरला वसंत असतो, संध्याकाळी सात वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे भुताला अंधारसुद्धा मिळत नाही. सगळी भिस्त वेगावर.

पुण्यात मंडळांचे हलते देखावे केले तेव्हा याच्या उलट करत होतो. महिषासुर सावकाश कोसळायला हवा, मागच्या रांगेतल्या आजींनाही दिसायला हवा.

सूनबाईने विचारलं, "बाबा, ऐन दिवाळीच्या तोंडावर सांगाडे कसले करता?" त्याचं उत्तर सोपं होतं. नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो, गोव्यात नरकासुराचे अवाढव्य पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. राक्षसाशी खेळायला आपल्याकडे कधीच मनाई नव्हती. पण तिचा दुसरा प्रश्न अडवणारा होता: "मग इथल्या मंडळाने गणपतीचा हात आशीर्वादाला वर करून द्या म्हटलं, तेव्हा नाही का म्हणालात?"

उत्तर शोधताना मला हेरॉन आठवतो. अलेक्झांड्रियाच्या या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात देवळासाठी एक यंत्र लिहून ठेवलं आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालची हवा तापून फुगते, पाणी ढकलते, पाण्याच्या वजनाने दोर ओढले जातात आणि देवळाची दारं आपोआप उघडतात. कारागीर म्हणून मी त्याला हात जोडतो. पण दारापुढे उभ्या असलेल्या माणसाला खालचं पाणी दिसत नव्हतं, आणि माझं मन तिथे अडतं. देखाव्यात तसं नसतं. मागे कॉम्प्रेसर घरघरतो आणि महिषासुर पुठ्ठ्याचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शिवाय आपला विधी पाहा. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती जागची हलवायची नाही. उत्तरपूजा झाल्यावर गुरुजी तिला हलकेच सरकवायला सांगतात, आणि तेव्हा कळतं की आता विसर्जन. म्हणजे प्राण आहेत तोवर मूर्ती स्थिर; ती हलली की प्राण गेले. सांगाड्याचं नेमकं उलटं आहे: तो मेलेला, म्हणून त्याला हलवून जिवंत दाखवायचं. माझा सिलेंडर प्रेताला शोभतो. देवाला लावला तर, माझ्या मते, आपणच त्याला मेलेल्यांत जमा करतो.

पालखीतला देव हलतो, हे सूनबाई लगेच म्हणालीच. खरं आहे. पण तिथे खांदे माणसांचे असतात, आणि ते दिसतात. बऱ्याच मंडळांत पूजेची मूर्ती लहान आणि वेगळी असते, मोठी केवळ दर्शनाला. तिचा हात हलला तर शास्त्र मोडत नाही, असंही कुणी म्हणेल. पण नमस्कार करणारा हा फरक करत नाही, तो मोठीलाच हात जोडतो.

तेव्हा मंडळाच्या मंडळींना पुन्हा सांगतो: उंदीर पळवा, मोदकांचं ताट पुढे सरकवा, मागे महिषासुर पाडा, सगळं चार बारात फुकट करून देतो. बाप्पाला तेवढं स्वस्थ बसू द्या.