भ्यायला मागून वेळ असतो



निमोण्याच्या शिवारात दिवेलागणीनंतर कुणाच्या अंगणात बसले, की पुण्याकडे निघालेल्या विमानाचे दिवे अधूनमधून डोक्यावरून जाताना दिसतात. लहान मुले हात हलवतात. आपण खाली निर्धास्त असतो आणि वर बसलेले प्रवासीही बहुधा निर्धास्तच असतात. पण त्या विमानातले एखादे महत्त्वाचे यंत्र अचानक बंद पडले तर? अशा वेळी वैमानिक शांत कसा राहत असेल? ‘त्याचा स्वभावच तसा,’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. पण शांतपणा हा खरोखर निव्वळ स्वभाव आहे का? तो स्वभाव असेल, तर ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी काय करायचे? आणि तो सद्गुण असेल, तर तो कशापासून बनतो?

हा प्रश्न मनात आला, की मला आपल्या मुंबईच्या समुद्रावर घडलेली एक घटना आठवते. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ नावाचे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. उड्डाणानंतर ते उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसत नाही. अशा अंधारात माणसाच्या शरीराला कल कळत नाही. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे वळवले, आणखी वळवले. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जण होते; एकही वाचला नाही.

कॅप्टन नवखे नव्हते. विमान चालवण्याचा त्यांना जवळजवळ १८,००० तासांचा अनुभव होता. त्याच कक्षात दुसऱ्या वैमानिकासमोर तेच यंत्र होते आणि शिवाय एक राखीव यंत्रही होते. फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया यांनी ‘त्या यंत्रावर जाऊ नका’ अशा अर्थाचे शब्द उच्चारल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. पण तोवर वेळ निघून गेली होती. आपण जमिनीवर बसून त्या माणसांचा न्याय करू नये. आपल्याकडे विचार करायला इतकी वर्षे आहेत, त्यांच्याकडे मोजके सेकंद होते. तरीही त्यांच्या मृत्यूतून एक गोष्ट शिकता येते. संकटात माणसाला सर्वांत अवघड काय जाते? आपल्या डोळ्यांसमोर जे दिसते आहे तेच चुकीचे असू शकेल, हे मान्य करणे.

आता दुसरी घटना. ११ सप्टेंबर २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान न्यूयॉर्कजवळ पोहोचले. विमानात ३७० माणसे होती. इतक्या लांबच्या प्रवासानंतर इंधन थोडे उरलेले, ढग खाली आलेले, आणि नेमकी धावपट्टीकडे नेणारी यंत्रणा बंद पडली. उंची मोजणाऱ्या उपकरणांतही बिघाड झाला. कॅप्टन रुस्तम पालिया यांचे नियंत्रण कक्षाशी झालेले बोलणे पुढे लोकांनी ऐकले. त्यात वीरश्री नाही. हे चालत नाही, तेही चालत नाही, आपण अडकलो आहोत, इंधन कमी आहे, जवळच्या कोणत्या विमानतळावर ढग उंच आहेत ते सांगा. एवढेच ते सांगतात आणि विचारतात. शेवटी विमान नेवार्कला सुखरूप उतरले.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे यंत्रे बिघडली. दोन्हीकडे अनुभवी माणसे होती. एकीकडे वेळ फार थोडा होता, दुसरीकडे थोडा अधिक. हा फरक मोठा आहे आणि तो विसरणे अन्यायाचे होईल. तरी पालियांचे बोलणे ऐकताना एक गोष्ट मनात भरते. शांत माणूस आधी सत्य बोलतो. ‘माझे हे चालत नाही’ असे म्हणायला त्याला लाज वाटत नाही. म्हणून मला वाटते, शांतपणाचे मूळ धीटपणात नसून नम्रतेत आहे.

मग शांत माणसाला भीती वाटत नाही का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक जुनी रोमन गोष्ट वाचली होती. वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक तत्त्वज्ञ होता. तोही पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला. त्या तत्त्वज्ञाने आपल्या गुरूंची शिकवण सांगितली: पहिला धक्का शहाण्या माणसालाही बसतो, त्याचाही रंग उडतो. फरक एवढाच, की भीती जे सांगते त्याला तो लगेच होकार देत नाही. अॅरिस्टॉटलने आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे. आधी कळलेल्या संकटाला माणूस विचार करून तोंड देऊ शकतो. अचानक आलेल्या संकटात मात्र त्याचा घडलेला स्वभाव बोलतो. म्हणजे स्वभाव आहे, पण घडवलेला! वैमानिकांना ठरावीक काळाने जमिनीवरच्या नकली विमानात बसवून इंजिन बंद पडणे, यंत्रे बिघडणे यांचा सराव करायला लावतात तो याचसाठी. संकटाच्या दिवशी शांतपणा नव्याने निर्माण होत नसतो. आधी साठवलेला खर्च होतो.

हे मला पुस्तकात कळले होते. खरे समजले ते निमोण्याच्या शिवारात. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला भेटायला गेलो होतो. विहिरीवर मोटार चालू करायला गेलेला त्यांचा नातू उघड्या वायरीला चिकटला. मी धावलो आणि त्याला ओढायला हात पुढे केला. तेवढ्यात मागून त्याची आजी ओरडली, “फादर, हात लावू नका!” आणि ती पोराकडे न येता उलट दिशेला, पत्र्याच्या खोपटाकडे पळाली. क्षणभर मला तिचा राग आला. तिने मेन स्विच खाली ओढला. पोरगा सुटून खाली पडला. तो वाचला. माझा हात त्याला लागला असता, तर त्या दिवशी दोन प्रेते उचलावी लागली असती. माझी माया खरी होती, पण ती बिघडलेल्या यंत्रासारखी चुकीची दिशा दाखवत होती.

रात्री दवाखान्याच्या पायरीवर आजी बसली होती. तिचे हात थरथरत होते, डोळ्यांना धार लागली होती. मी विचारले, “आजी, तेव्हा भीती नाही वाटली?” ती म्हणाली, “भ्याले की, फादर. पन भ्यायला मागनं येळ असतो. पोराला नव्हता.” मग तिने सांगितले. तिचा दीर असाच, भावाला सोडवायला गेला आणि गेला. “तवापास्नं खोपटापासनं जाताना रोज मनात म्हणते, आधी मेन, मग मानूस.”

त्या बाईने नकली विमान कधी पाहिले नव्हते. पण तिचा सराव रोज चालू होता.

कुणी म्हणेल, शांत तर दरोडेखोरही असतो. खरे आहे. संत थॉमस अक्वायनस धैर्याविषयी लिहितात, की हल्ला करण्यापेक्षा टिकून राहणे हेच धैर्याचे मुख्य काम; पण ते चांगल्या हेतूसाठी असेल तरच त्याला सद्गुण म्हणावे. दरोडेखोराचा शांतपणा स्वतःसाठी असतो. वैमानिकाचा शांतपणा मागे बसलेल्या, त्याचे नावही माहीत नसलेल्या माणसांसाठी असतो. आजीचा नातवासाठी होता. भीती पुढे ढकलणे ही त्यांनी दुसऱ्याला दिलेली भेट होती.

आपल्या प्रभूलाही गेथशेमानीच्या बागेत भीती आणि व्याकूळता चुकली नाही. ज्याने सरोवरावरचे वादळ शमवले, त्याने त्या रात्री मित्रांना आपल्या मनाची अवस्था लपवली नाही. जागे राहा, अशी विनंती केली. म्हणून भीती वाटणे हे श्रद्धेच्या अभावाचे लक्षण आहे, असे समजून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

आपल्यापैकी बहुतेकांना विमान चालवायचे नाही. पण दवाखान्यातून वाईट रिपोर्ट येतो, पावसाअभावी पीक जळते, भावाभावांत बांधावरून शब्दाला शब्द लागतो. तेव्हा आपल्यासमोरचे यंत्र ओरडून सांगते, चूक त्याचीच आहे, आत्ताच बोल, आत्ताच हात उचल. त्या क्षणी थांबता यावे, यासाठीचा सराव आज, शांत दिवशी करायचा असतो. या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. माझ्या घरात ‘तुमचे चुकते आहे’ असे मला सांगण्याची मोकळीक कुणाला आहे? आणि कुणी तसे सांगितले, तर मी वेळेत ऐकतो का?

आपला,
फादर