आजचं चिंतन : गीता १८.७३, हरवलेलं आणि पुसलेलं



गीतेतला हा अर्जुनाचा शेवटचा श्लोक. मोह गेला, स्मृती परत मिळाली, असं तो म्हणतो. म्हणजे ती हरवली होती, पुसली गेली नव्हती.

हा फरक इथे शहापुरात एका ताईंच्या लॅपटॉपमुळे मला नीट कळला. दुरुस्तीत विंडोज नव्याने टाकलं आणि त्यांच्या दिवंगत वडिलांच्या आवाजातल्या हरिपाठाच्या फाइली गेल्या. पण हार्ड डिस्क क्विक फॉरमॅट केली, की मजकूर लगेच पुसला जात नाही. तो कुठे आहे हे सांगणारी यादी तेवढी जाते. म्हणून पहिला नियम : त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका. वर नवं लिहिलं गेलं, की जुनं परत येत नाही. सातपैकी तीन फाइली मिळाल्या. बाकीचे अभंग ताई आता स्वतः म्हणतात, चाल वडिलांचीच.

फाइलींसाठी रडणं हा मोह का? मला नाही वाटत. माणूस आठवणं वेगळं, आठवणीत अडकून आजचं काम सोडणं वेगळं.

गीता २.६३ मध्ये क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश सांगितलाय. रागात आपण मेसेज टाइप करत सुटतो आणि समोरच्याच्या चांगुलपणावर नवं लिहीत जातो. अर्जुनाने आधी धनुष्य खाली ठेवलं, मग विचारलं.

आजचा नेम एवढाच : राग आला की फोन खाली ठेवायचा. आत अजून बरंच शाबूत असतं.