सुनावणी आणि तलवार : एका कल्पितराज्यातील दंडनीतीचा प्रश्न

१

न्यायालयीन व्यवहारासाठी मराठीत ‘सुनावणी’ हा शब्द रूढ आहे आणि त्याच्याशीच निगडित असा ‘शिक्षा सुनावणे’ हा प्रयोगही आहे. पहिल्यात ऐकून घेण्याची क्रिया अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात ऐकवण्याची. न्यायाची नैतिक वैधता या दोन क्रियांच्या क्रमावर अवलंबून असते, असे म्हणता येईल. ज्याने ऐकून घेतले आहे त्यालाच ऐकवण्याचा अधिकार पोचतो. हा क्रम मोडला की शिक्षा उरते, न्याय उरत नाही. प्रस्तुत लेखात या क्रमाचा विचार एका कल्पितराज्याच्या आधारे करावयाचा आहे.

मध्ययुगीन वळणाच्या अद्भुत कादंबऱ्यांमधील राजे, किल्ले, तलवारी आणि वधस्तंभ यांच्याकडे समीक्षा बहुधा नेपथ्य म्हणून पाहते. अशा कादंबरीतील न्यायव्यवस्था हा गंभीर चिंतनाचा विषय होऊ शकतो, हे सहसा मान्य केले जात नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेने मात्र हा ग्रह तपासून पाहण्यास भाग पाडले आहे. १९९६ ते २०११ या काळात तिचे पाच खंड प्रसिद्ध झाले. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिकेचा विचार येथे केलेला नाही. कारण माझे म्हणणे ज्या निवेदनपद्धतीवर आधारलेले आहे, ती केवळ मूळ संहितेत आढळते.

या मालेत वेस्टरॉस नावाच्या राज्याच्या उत्तर प्रांताचा अधिपती एडार्ड स्टार्क एक जुना दंडक पाळतो. देहान्त शासन फर्मावणाऱ्यानेच ते स्वहस्ते अमलात आणले पाहिजे, असा तो दंडक आहे. ज्याचा प्राण घ्यायचा त्याच्या डोळ्यांत पाहण्याचे आणि त्याचे अखेरचे शब्द ऐकण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर कदाचित तो मनुष्य मरणास पात्रच नसेल, अशी त्यामागची भूमिका आहे. आधुनिक वाचकाला या भूमिकेचे विलक्षण आकर्षण वाटते. मिशेल फूकोने ‘डिसिप्लिन अँड पनिश’ (मूळ फ्रेंच, १९७५) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे आधुनिक काळात शिक्षा चौकातून भिंतीआड गेली आणि तिची जबाबदारी अनेक हातांमध्ये वाटली गेली. निकाल देणारा वेगळा, हुकमावर सही करणारा वेगळा, दोर ओढणारा वेगळा. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम केले आणि माणूस कोणीच मारला नाही, अशी ही रचना आहे. तिच्या पार्श्वभूमीवर स्टार्कची तलवार प्रामाणिक वाटते. प्रश्न असा, की हा प्रामाणिकपणा म्हणजे न्याय होय काय?

२

पहिल्या खंडाची रचना या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. उपोद्घातात सीमेवरील पहारेकऱ्यांची एक तुकडी हिमारण्यात अमानुष शक्तींच्या तडाख्यात सापडते. गारेड हा त्या तुकडीतील एक वृद्ध पहारेकरी. हिमदंशाने त्याचे दोन्ही कान आणि एक बोट गेलेले आहे. लगेच पुढच्या प्रकरणात स्टार्क एका पळपुट्या पहारेकऱ्याचा शिरच्छेद करतो. निवेदन त्या पहारेकऱ्याचे नाव सांगत नाही, पण त्याचेही कान आणि एक बोट नाही. त्याची ओळख पटते ती वाचकाला. न्यायाधीशाला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असते आणि म्हणून वाचक हा या खटल्यातील न बोलावलेला साक्षीदार ठरतो.

या प्रकरणाची निवेदनदृष्टी स्टार्कच्या सात वर्षांच्या मुलाची, ब्रॅनची आहे. वधापूर्वी प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे दिली गेली, एवढेच तो नोंदवतो. काय बोलले गेले ते त्याला पुढे फारसे आठवत नाही. राज्यावर येऊ घातलेल्या संकटाची वार्ता ज्याच्याकडे असू शकत होती, त्याचा जबाब संहितेतूनच गळाला आहे. तलवारीचे वर्णन मात्र तपशीलवार आहे. पुढे स्टार्क पत्नीशी या घटनेविषयी बोलतो, तेव्हा त्या माणसाच्या मनात भय इतके खोल गेले होते की आपले शब्द त्याच्यापर्यंत पोचू शकले नाहीत, अशी खंत तो व्यक्त करतो. ही खंत खरी आहे, पण तिची दिशा पाहावी. आपले बोलणे त्याला पोचले नाही याचे स्टार्कला दुःख आहे. त्याचे बोलणे आपल्याला पोचले नाही, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. अखेरचे शब्द ऐकावेत, असे ज्याचा दंडक सांगतो, त्याच्याच हातून ऐकणे हा उपचार होऊन बसतो.

स्वहस्ते शिक्षा देण्याच्या नियमातून शिक्षा देणाऱ्याचे धैर्य सिद्ध होते. शिक्षेची योग्यता सिद्ध होत नाही. तो नियम न्यायाधीशाच्या आत्मशुद्धीचा आहे. आरोपी त्यात निमित्तमात्र आहे.

याच खंडाच्या उत्तरार्धात नियतीचे चक्र उलटे फिरते. मुलींच्या जिवासाठी स्टार्क न केलेल्या राजद्रोहाची जाहीर कबुली देतो. किशोरवयीन राजा जॉफ्री वधाचा हुकूम सोडतो आणि इलिन पेन तो अमलात आणतो, तेही स्टार्कच्याच तलवारीने. या पेनची जीभ पूर्वीच्या राजाने छाटलेली आहे. राजाला ऐकायचे नाही, मारेकऱ्याला बोलता येत नाही आणि आरोपी जे बोलला ते असत्य आहे, अशा या प्रसंगात सुनावणीच्या तिन्ही बाजू एकदम कोसळतात.

३

वेस्टरॉसमध्ये आरोपीला द्वंद्वयुद्धाने निवाडा मागण्याचा हक्क आहे. अशा परीक्षेला आपल्या परंपरेत ‘दिव्य’ म्हणतात. म्हणून येथे थोडी तुलना अप्रस्तुत ठरू नये. याज्ञवल्क्यस्मृतीने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. धर्मशास्त्राची सर्वसाधारण भूमिका अशी, की लेख, भुक्ती आणि साक्षी ही मानुष प्रमाणे उपलब्ध नसतील तेव्हाच दिव्याकडे वळावे. माणसांचे ऐकून संपले की देवाला विचारावे, असा तेथे क्रम आहे. युरोपात १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना अग्नी व जल यांच्या दिव्यांत सहभागी होण्यास मनाई केली आणि त्या दिव्यांचा आधारच गेला. द्वंद्वाचा हक्क मात्र इंग्लंडच्या कायद्यात नावापुरता टिकून राहिला. १८१८ साली अॅशफर्ड विरुद्ध थॉर्नटन या खटल्यात आरोपीने तो खरोखरच मागितला, फिर्यादीने आव्हान स्वीकारले नाही आणि आरोपी सुटला. त्यानंतर १८१९मध्ये पार्लमेंटने तो हक्क रद्द केला.

मार्टिनच्या राज्यात हा क्रम उलटलेला आहे. तेथे द्वंद्व मागितले जाते ते साक्षींचा अभाव असतो म्हणून नव्हे, तर साक्षींपासून सुटका हवी असते म्हणून. तीन द्वंद्वे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. पहिल्यात टिरियन लॅनिस्टरवर दोन आरोप आहेत आणि दोन्ही खोटे आहेत. त्याच्या वतीने ब्रॉन हा भाडोत्री शिपाई लढून जिंकतो. निकाल बरोबर लागतो, पण सत्याशी त्याचा संबंध नसतो. टिरियनवरील आरोपांपैकी एक जॉन अॅरिनच्या मृत्यूचा आहे. त्याचे विष अॅरिनच्या पत्नीनेच, म्हणजे या न्यायसभेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या लायसानेच दिले होते, हे तिसऱ्या खंडात उघड होते. दुसऱ्यात सँडर क्लिगेन उभा आहे. त्याने मायका नावाच्या खाटकाच्या मुलाला ठार केले, हे निर्विवाद आहे. तो जिंकतो आणि मोकळा होतो. तिसऱ्यात टिरियनवर राजाच्या खुनाचा आरोप आहे. तो निर्दोष आहे, पण त्याच्या बाजूचा ओबेरिन मार्टेल मारला जातो आणि टिरियन दोषी ठरतो.

हा ओबेरिन त्या खटल्यातील तीन न्यायाधीशांपैकी एक आहे. निवाडा करणाऱ्याने हाती शस्त्र घ्यावे, हा स्टार्कचा आदर्श येथे विडंबनरूपाने पुरा होतो. ओबेरिन लढतो तो टिरियनसाठी नव्हे. आपली बहीण एलिया हिच्यावर ग्रेगर क्लिगेनने बलात्कार करून तिला ठार केले, याची कबुली त्याला हवी आहे. ती त्याला मिळते. त्याला चिरडत असतानाच ग्रेगर भर सभेत ती देतो. वर्षानुवर्षे दडपलेले सत्य सर्वांच्या कानांवर पडते आणि कायदा मात्र बहिरा राहतो. कारण त्याचा प्रश्न एवढाच असतो, की उरले कोण. सत्य प्रकट होणे आणि न्याय होणे या दोन घटना एकाच क्षणी घडूनही एकमेकींना स्पर्श करीत नाहीत. या मालेतील दंडविषयक चिंतनाचा हा सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण आहे.

४

असे असले तरी या कल्पितराज्यात न्याय अशक्यच आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दुसऱ्या खंडातील डावोस सीवर्थची हकिकत याची साक्ष देते. डावोस हा चोरटा व्यापार करणारा खलाशी. वेढ्यात अडकलेल्या स्टॅनिस बराथियनच्या उपाशी शिबंदीला तो कांदे आणि खारवलेले मासे पोचवतो. स्टॅनिस त्याला सरदारकी देतो आणि जुन्या गुन्ह्यांबद्दल त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची पेरेही छाटतो. पुण्याने पाप फिटत नाही आणि पापाने पुण्य पुसत नाही, हा स्टॅनिसचा हिशेब आहे. डावोस तो मान्य करतो, पण एक अट घालतो. छाटणी स्टॅनिसने स्वतः करावी. स्टॅनिस ती अट ऐकतो.

हा दंडक बाह्यतः स्टार्कचाच आहे. परंतु स्टार्कच्या बाबतीत तो शिक्षा देणाऱ्याचा स्वतःविषयीचा धर्म होता. येथे तो शिक्षा भोगणाऱ्याचा हक्क झाला आहे. दंडितानेच उच्चारल्यामुळे त्याचा नैतिक अर्थ पालटतो. माझ्या मते दंडाची नैतिकता कोणाच्या हातात तलवार आहे यावर ठरत नाही. ती उगारण्यापूर्वी समोरच्याच्या शब्दाला काही किंमत होती काय, यावर ठरते.

जेमी लॅनिस्टरचे उदाहरण या म्हणण्याला दुजोरा देते आणि त्याची मर्यादाही दाखवते. राजरक्षक असून त्याने स्वतःच्या राजाचा वध केला. पहिल्या दोन खंडांत आपण त्याला इतरांच्या नजरेतून पाहतो. तिसऱ्यात प्रथमच प्रकरणे त्याच्या दृष्टीने लिहिली जातात. राजा सबंध नगर जाळून टाकणार होता, हे तो ब्रिएनला सांगतो, तेव्हा ते कोणत्याही न्यायसभेत पूर्वी न सांगितलेले असते. स्टार्कने सिंहासनावर बसलेल्या आपल्याकडे पाहिले आणि त्या दृष्टिक्षेपातच निकाल देऊन टाकला, ही त्याची जखम आहे. येथेही स्टार्क पाहतो, विचारत नाही. राज्याने जी सुनावणी दिली नाही ती कादंबरीचा घाट देतो. प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या दृष्टीला वाहून घेण्याची ही रचना म्हणजे एका अर्थाने कादंबरीने भरवलेली न्यायसभा होय. अर्थात ऐकून घेणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे. याच जेमीने ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकलून कायमचे पंगू केले आहे आणि त्याच्या कैफियतीने ते पुसले जात नाही.

या न्यायसभेलाही मर्यादा आहेत. गारेडला प्रकरण नाही, मायकालाही नाही. खाटकाच्या पोराची बाजू मांडायला राजघराण्याशी नाते असलेली आर्या लागते. ज्यांना कोणीच ऐकले नाही, त्यांच्यातून कोणाला ऐकायचे, हे कादंबरीही प्रतिष्ठेनुसारच ठरवते, असा आक्षेप घेतला तर तो खोडून काढता येणार नाही.

रॉबर्ट कव्हर या अमेरिकन कायदेपंडिताने १९८६ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले, की न्यायाधीशाचा अन्वयार्थ हा साहित्यसमीक्षकाच्या अन्वयार्थासारखा नसतो. त्याच्या वाचनाअंती कोणाला तरी वेदना होते, कोणाचे स्वातंत्र्य वा प्राण जातात. आपण समीक्षक या भेदामुळे निश्चिंत राहतो. पण आजच्या वाचकाला स्टार्कच्या तलवारीची जी ओढ वाटते, ती केवळ वाङ्मयीन नाही. खटल्यांचा विलंब, निकालांची अनिश्चिती आणि हात झटकणाऱ्या यंत्रणा यांना कंटाळलेल्या मनाला स्वच्छ हाताने केलेला तत्काळ वार हवासा वाटतो. मार्टिनची कादंबरी त्या मनाला पहिल्याच प्रकरणात हवे ते देते. स्वच्छ हात, निर्भय नजर, एकच घाव. मारला गेलेला मनुष्य काय सांगत होता, हे मात्र सबंध कादंबरी वाचून झाल्यावरही आपल्याला कळत नाही.